एक्केचाळीस प्रश्नांची वही

माझा बाप्तिस्मा १९ एप्रिल २०२५च्या रात्री झाला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. पहिली चौकशी केली होती ७ जुलै २०२४ला, म्हणजे सगळे मिळून साडेनऊ महिने गेले. या काळात मला एकच गोष्ट हवी होती. आधी यातून गेलेल्या कोणीतरी साध्या भाषेत सांगावं, की तिथे काय होतं, कोण काय विचारतं आणि आपण उलट काही विचारलं तर चालतं का. तसं सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून आता मीच लिहायला बसले आहे. हा अनुभव कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रौढपणी दीक्षा घेण्याचा आहे. इतर मंडळ्यांची रीत वेगळी असते.

उलट विचारण्याची धास्ती मला जास्त होती. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला "फार आगाऊ आहे" म्हणतात, अशा घरात मी वाढले. माझा धाकटा भाऊ जन्मापासून सेरेब्रल पाल्सी घेऊन आला होता. २०१९मध्ये तो गेला, तेहतीस वर्षांचा होऊन. तो होता तोवर लोक माझ्या आईला आडून आडून विचारत, "कोणाचं पाप फेडतोय हो हा?" तेव्हा मला दोन तऱ्हेच्या माणसांचा राग होता, प्रश्न दाबणाऱ्यांचा आणि असले प्रश्न विचारणाऱ्यांचा. तो गेल्यावर मी एका वहीत देवासाठी प्रश्न लिहायला लागले. चौकशीला गेले तेव्हा ते एक्केचाळीस झाले होते. वही पर्समध्ये होती आणि पर्सची चेन लावलेली होती.

फादरांनी त्या दिवशी काहीच समजावलं नाही. बसा म्हणाले आणि विचारलं, "कशाला आलात?" मला ते जरा तुसडं वाटलं. या प्रश्नाला केवढी जुनी परंपरा आहे, हे पुढे वर्गात कळलं. ख्रिस्ती समाजाच्या सुरुवातीच्या शतकांत दीक्षा मागायला येणाऱ्याला आधी हेच विचारत, का आलास आणि कामधंदा काय करतोस. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या एका डीकनने, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या सेवकाने, बिशप ऑगस्टीनकडे तक्रार केली होती, की नवख्यांना शिकवताना माझं मलाच कंटाळवाणं वाटतं. साधारण इ.स. ४००च्या सुमाराचं हे. ऑगस्टीनने त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. त्यातही हेच आहे, की आलेल्या माणसाला तो का आलाय ते आधी विचार आणि तिथून बोलायला लाग. ऐकणारा जांभया द्यायला लागला तर त्याला बसायला दे, असंही त्यात आहे. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला वाचून मला त्या दोघांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

मी उत्तर दिलं, "भावामुळे." फादरांनी पुढे काही विचारलं नाही. एक फॉर्म दिला आणि गुरुवारी संध्याकाळी वर्गाला यायला सांगितलं.

कागदपत्रांचं आधीच सांगून टाकते, कारण सगळ्यात जास्त खोळंबा तिथे होतो. फॉर्मबरोबर माझा जन्मदाखला आणि विवाहाचा दाखला लागला. लग्न झालं असेल तर तुमचं किंवा जोडीदाराचं आधी एखादं लग्न झालं होतं का, हेही विचारतात. झालं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. त्याची वेगळी चौकशी असते आणि ती लांबू शकते. माझ्या दोन दाखल्यांवर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं होतं. त्यासाठी दोन फेऱ्या झाल्या.

खरी रखडपट्टी झाली ती धर्ममातेच्या दाखल्यापायी. धर्ममाता किंवा धर्मपिता, म्हणजे दीक्षेच्या वाटेवर आपल्यासोबत उभा राहणारा माणूस, कॅथलिक असावा लागतो, त्याचं दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा विधी) झालेलं असावं लागतं, वय सोळा पूर्ण हवं, आणि आपले आईवडील चालत नाहीत. मी ऑफिसातल्या एका ताईंना विचारलं. त्यांनी हौसेने लॅमिनेट करून ठेवलेला बाप्तिस्म्याचा दाखला काढून दिला. तो चालला नाही. दाखला नव्याने काढलेला लागतो, कारण दृढीकरण आणि लग्न यांच्या नोंदी मूळ वहीत बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी नंतर भरल्या जातात. जुन्या दाखल्यावर त्या कुठून असणार? ताईंच्या लहानपणीच्या चर्चला पत्र पाठवलं. पाच आठवडे काहीच नाही. मग कळलं, की त्यांची नोंद घरगुती नावाने झाली होती आणि तिकडचा माणूस शाळेतलं नाव शोधत बसला होता. तेव्हा पत्रात आईवडिलांची नावं आणि जन्मतारीख दोन्ही घाला, आणि हे काम पहिल्याच महिन्यात उरका. शुल्क म्हणून कोणी काही मागितलं नाही. खर्च झाला तो गुरुवारच्या संध्याकाळींचा आणि रविवारच्या सकाळींचा.

वर्गात आम्ही सहा जण होतो. शिकवायला एक निवृत्त शिक्षिका होत्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. पहिल्या तासाला बाईंनी शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांच्या, प्रती वाटल्या आणि सांगितलं, "मार्क सगळ्यात छोटं आहे. घरी वाचा. जिथे येशू प्रश्न विचारतो तिथे पेन्सिलने खूण करा." मी त्याची उत्तरं शोधायला आले होते आणि मला प्रश्न मोजायला लावलं होतं. पण खुणा करता करता पानंच्या पानं करडी झाली. तुम्ही का घाबरता? तुमच्याजवळ किती भाकरी आहेत? तुला काही दिसतं का? तुम्ही मला कोण म्हणता? आंधळा बार्तिमय रस्त्याच्या कडेने ओरडत असतो. त्याला काय हवंय ते उघडं आहे, तरी त्याला विचारतात, मी तुझ्यासाठी काय करावं म्हणून तुझी इच्छा आहे? लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू हरवतो आणि तीन दिवसांनी मंदिरात सापडतो. तिथे तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकत असतो आणि त्यांना प्रश्न विचारत असतो.

त्याला कोणी काही विचारलं, तर बऱ्याचदा तो उलटा प्रश्न करतो. शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल गोष्ट येते, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला दोघं टाळून जातात आणि तिसरा मदत करतो, आणि गोष्टीच्या शेवटी प्रश्न, या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? मला आधी ही टाळाटाळ वाटली. बाईंना तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, "शास्त्र्याने शेवटी उत्तर स्वतःच्या तोंडाने दिलं ना? मग टाळलं कोणी?"

आमच्यात एक तरुण होता, फार हुशार. तो दर गुरुवारी एखादा पेच घेऊन यायचा. उत्तर मिळालं की त्याचा चेहरा पडायचा, आणि मिळालं नाही की खुलायचा. एकदा बाईंनी त्याला उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय मोठ्याने वाचायला लावला. बायबलमधला पहिला प्रश्न सर्प विचारतो, देवाने खरंच असं सांगितलंय का? देवाचा पहिला प्रश्न त्याच अध्यायात जरा पुढे येतो, तू कोठे आहेस? तो तरुण हसला, पण जानेवारीपासून यायचा बंद झाला. मला त्याचा राग नाही. माझ्या वहीतलेही निदान दहा प्रश्न सर्पाच्या जातीचे होते, हे मला त्या संध्याकाळी कळलं. त्यांचं उत्तर मला नकोच होतं, देवाला फक्त कोंडीत पकडायचं होतं.

सहामध्ये एक काका होते. ते रिफॉर्म्ड, म्हणजे एका प्रोटेस्टंट, मंडळीत वाढलेले. त्यांचा बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता, त्यामुळे तो पुन्हा होणार नव्हता. एकदा झालेला बाप्तिस्मा परत देत नाहीत. त्यांना फक्त आधीच्या मंडळीचा दाखला आणायचा होता. त्यांना हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी लहानपणापासून पाठ होती. धर्मशिक्षणाची ही १५६३ची प्रश्नोत्तरी, एकशे एकोणतीस प्रश्नांची. वर्षाच्या बावन्न रविवारांत ती वाटून दिलेली आहे. घोकंपट्टीवर मी वर्गात बरंच तोंडसुख घेतलं. विचारणारेही तेच, उत्तर लिहून देणारेही तेच, मग त्याला प्रश्न कशाला म्हणायचं? काका शांतपणे म्हणाले, पहिला प्रश्न असा आहे, जगताना आणि मरताना तुझं एकमेव सांत्वन कोणतं? आणि उत्तराची सुरुवात अशी, की मी माझा नाही, देहाने आणि जिवाने, जगताना आणि मरताना मी माझ्या विश्वासू तारणाऱ्याचा आहे. "दहा वर्षांचा असताना पाठ केलं. तेव्हा सांत्वन हा शब्दसुद्धा कळत नव्हता. बायको गेली त्या रात्री मला स्वतःचं असं एक वाक्य सुचेना. तेव्हा हे आलं." मी गप्प बसले.

बाईंनी मग त्या साऱ्या खटाटोपाचा इतिहास सांगितला. धर्मशिक्षणासाठी जो कॅटेकिझम शब्द रूढ आहे, त्याचं ग्रीक मूळ घुमण्याशी जोडलेलं आहे. एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याकडून ते घुमून परत यायचं. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५२९मध्ये घरच्या कर्त्या माणसासाठी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. तिच्यात दर थोड्या अंतराने एकच प्रश्न येतो, याचा अर्थ काय? १६४७च्या वेस्टमिन्स्टरच्या छोट्या प्रश्नोत्तरीत एकशे सात प्रश्न आहेत. कॅथलिक ख्रिस्तसभेचा १९९२चा मोठा धर्मशिक्षणग्रंथ प्रश्नोत्तरी नाही, सलग गद्यात आहे. पण २००५मध्ये त्याचा संक्षेप निघाला तो पुन्हा प्रश्नोत्तरांचाच, पाचशे अठ्ठ्याण्णव प्रश्नांचा. मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस याचा प्रचंड ग्रंथही प्रश्नांनीच विभागलेला आहे. देव आहे का, या प्रश्नाची सुरुवात तो "देव नाही असं दिसतं" या बाजूने करतो आणि पहिली हरकत मांडतो ती जगातल्या वाईटाची. माझाच प्रश्न, तेराव्या शतकात, माझ्यापेक्षा नीट मांडलेला. त्याचं उत्तर मला पटलं नाही, आजही पुरतं पटलेलं नाही. पण विरुद्ध बाजू इतक्या सचोटीने मांडणाऱ्या माणसाशी भांडण्यात एक सुख असतं.

१ डिसेंबर २०२४, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार. आम्हाला दीक्षार्थी म्हणून रीतसर स्वीकारण्याचा विधी होता. चर्चच्या दारातच फादर एकेकाला नाव विचारतात, मग विचारतात, देवाच्या ख्रिस्तसभेकडे काय मागता? उत्तर आहे, विश्वास. पुढचा प्रश्न, विश्वासाने तुम्हाला काय मिळतं? उत्तर, शाश्वत जीवन. स्वतःच्या शब्दांत सांगितलं तरी चालतं. एवढं सोपं आहे म्हणून मी तयारीच केली नव्हती. माइक समोर आला, मागे सगळं चर्च माना वळवून बघतंय, आणि काय मागता म्हटल्यावर माझ्या तोंडून निघालं, "वेळ."

दोन-तीन रांगांत खसखस पिकली. फादर हसले नाहीत. "बरं. आणखी?" म्हणाले. मग मी "विश्वास" म्हणाले. माझ्या खांद्यावर ठेवलेला ताईंचा हात मात्र हसण्याने हलत होता.

त्या दिवसापासून दर रविवारी प्रवचन झालं की आम्हाला मिस्सातून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतून, बाहेर पाठवत. आधी मला हे अपमानास्पद वाटलं, शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखं. पण बाहेरच्या खोलीत बाई रोज एकच प्रश्न विचारत, "आज कुठे अडकलात?" काय समजलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. नऊ महिन्यांतले माझे सगळ्यात चांगले अर्धे तास तेच. तिथेच एकदा जखऱ्या आणि मरिया यांच्यावर वाद झाला. दोघांनाही देवदूत मूल होणार अशी अशक्य बातमी सांगतो, दोघंही प्रश्न विचारतात. जखऱ्याची वाचा जाते, मरियेला समजावून सांगितलं जातं. असं का? तो पुरावा मागत होता आणि ती वाट विचारत होती, हे नेहमीचं उत्तर. मला ते अर्धंच पटतं. म्हातारपणी आशा सोडलेल्या माणसाने पुरावा मागितला तर बिघडलं काय? हा प्रश्न वहीत गेला, बेचाळीस नंबरवर.

५ मार्चला राखेचा बुधवार झाला, म्हणजे इस्टरआधीचा उपवासकाळ लागला, आणि ९ मार्चला बिशपांसमोर बाप्तिस्म्यासाठी निवडीचा विधी. तिथे प्रश्न आम्हाला नव्हते, आमच्या धर्ममाता-धर्मपित्यांना होते. यांनी देवाचा शब्द मनापासून ऐकला का? त्याप्रमाणे वागायला लागले आहेत का? आपल्याबद्दल दुसऱ्याला विचारलं जाताना शेजारी उभं राहणं फार अवघड. ताई ठामपणे हो म्हणाल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "खरंच?" त्या म्हणाल्या, "वागायला लागली आहेस का, एवढंच विचारलं ना."

मग उपवासकाळाचे तीन रविवार येतात, तिसरा, चौथा आणि पाचवा. आमचे २३ मार्च, ३० मार्च आणि ६ एप्रिल. यांना अंतःपरीक्षणाचे विधी म्हणतात. नावाने घाबरू नका, परीक्षा कोणी घेत नाही. सगळ्यांसमोर गुडघे टेकायचे असतात आणि मंडळी तुमच्यासाठी प्रार्थना करते. फरशी गार आणि कडक असते, तेव्हा गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, उभं राहिलं तरी चालतं. तिन्ही दिवशी योहानाच्या शुभवर्तमानातले लांब उतारे वाचतात. विहिरीवरची शमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजर.

३० मार्चला काय वाचणार हे मला ठाऊक होतं, तरी ऐकताना पाय कापले. शिष्य त्या आंधळ्याकडे बघून विचारतात, गुरुजी, कोणी पाप केलं म्हणून हा असा जन्मला? याने की याच्या आईबापांनी? आईच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बायका विचारायच्या तोच प्रश्न, भर चर्चमध्ये, माइकवरून. आणि उत्तर, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही.

पण लगेच पुढे येतं, की देवाची कार्यं याच्या ठायी प्रगट व्हावीत म्हणून. त्या वाक्याने माझं डोकंच फिरलं. माझा भाऊ काय देवाने मांडलेलं प्रदर्शन होता? मिस्सा संपल्यावर मी फादरांना गाठलं, वही पर्समधून बाहेर काढली आणि पहिल्यांदाच मोठ्याने वाचून दाखवली. सात नंबरपर्यंत वाचू शकले. ते म्हणाले, "या वाक्याला मीही अडतो. दरवर्षी याच रविवारी." आणि म्हणाले, अख्खा अध्याय पुन्हा वाचा, त्यात कोण कोणाला काय विचारतं ते बघा.

घरी येऊन पेन्सिल घेतली. त्या अध्यायात आंधळ्याला सगळे विचारतात, शेजारी, परुशी (त्या काळचे कडक धर्मनिष्ठ), पुन्हा परुशी. आईबापांना विचारतात तर ते घाबरून म्हणतात, तो मोठा आहे, त्यालाच विचारा. आणि ज्याच्याबद्दल सगळे वर्षानुवर्षं बोलत आले तो बोलायला लागतो. मला एवढंच माहीत आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. दुसऱ्यांदा उलटतपासणी होते तेव्हा तो चक्क चेष्टा करतो, तुम्हालाही त्याचे शिष्य व्हायचंय का? माझा भाऊ असाच होता. बोलायला त्याला वेळ लागायचा, पण टोमणा अचूक बसायचा. त्याला हाकलून देतात. येशू त्याला शोधत येतो आणि विचारतो, तू मनुष्याच्या पुत्रावर विश्वास ठेवतोस का? तो लगेच हो म्हणत नाही. आधी विचारतो, तो कोण आहे, महाराज?

पुढच्या रविवारी लाजर. गर्दीतले काही जण म्हणतात, त्या आंधळ्याचे डोळे ज्याने उघडले त्याला याचं मरण टाळता आलं नसतं का? हा माझ्या वहीतला पहिला प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत. त्याला कोणी उत्तर देत नाही. त्याच्या आधी येशूने विचारलेलं असतं, तुम्ही त्याला कोठे ठेवलं आहे? आणि ये आणि पाहा म्हटल्यावर तो रडतो.

मी वही मिटली. फाडली वगैरे नाही.

इस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यात दगदग फार होते. शनिवारी सकाळी छोटा विधी असतो. फादर कानांना आणि ओठांना हात लावून "उघड" म्हणतात, आणि विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारं निवेदन, पाठ म्हणायचा असतो. त्यानंतर दुपारी झोप काढा, खरंच काढा. रात्रीची उपासना अंधारात अग्नीपासून सुरू होते. जुन्या करारातून सातपर्यंत वाचनं असतात. कोरडा टॉवेल आणि बदलायचे कपडे पिशवीत घालून पिशवी धर्ममातेकडे द्या. पांढऱ्या झग्याच्या आत गडद रंगाचं काही घाला, भिजलेलं पांढरं कापड काही झाकत नाही. चष्मा आधी काढून ठेवा. मी विसरले.

पाण्याजवळ उभं केल्यावर पुन्हा प्रश्नच. सैतानाला नाकारतेस का? त्याच्या सर्व कृत्यांना? त्याच्या सर्व पोकळ आश्वासनांना? मग विश्वासाचे तीन, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. सर्वांत जुन्या रीतीतही विश्वासाचे असेच तीन प्रश्न होते, प्रत्येक "होय"नंतर एकदा पाण्यात. एक्केचाळीसपैकी निम्म्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि या तिन्हींत त्यातला एकही नव्हता. तिसऱ्या "होय"ला आवाज फुटला नाही. फादर थांबून राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, ताई म्हणतात पाच सेकंद. मग मी होय म्हणाले, आणि डोक्यावरून तीनदा पाणी आलं. त्याच रात्री दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद. घरी पोचायला मध्यरात्र उलटून गेली.

२७ एप्रिलला, इस्टरनंतरच्या रविवारी, दरवर्षी थोमाचं शुभवर्तमान वाचतात, जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्याचं. त्या दिवशी आम्हाला बाहेर पाठवलं नाही. शेवटपर्यंत बसलो. नंतर बाईंनी वर्ग घेतला आणि विचारलं, "त्या रात्री काय दिसलं? काय ऐकलं?" बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी काका म्हणाले, "हिचा चष्मा पाण्यात पडला." त्यावरून जे बोलणं सुरू झालं ते पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत, ८ जूनपर्यंत, चाललं.

जुलैत नवी तुकडी आली. बाईंनी मला मदतीला बोलावलं, खुर्च्या मांडायला आणि फॉर्म तपासायला. पहिल्या गुरुवारी दाराजवळच्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती. तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, आजूबाजूला पाहिलं आणि परत आत ठेवला. मी शेजारची खुर्ची ओढून बसले.

"किती आहेत?" मी विचारलं.

ती दचकली. मग हळूच म्हणाली, "सतरा."